मुरगूडचा जावई आणि जपानी पिक्चर

दुपारी शुक्रवार पेठेतल्या त्या बोळातून जाणाऱ्या नव्या माणसाला एका पत्र्याच्या दारामागून ओरडा ऐकू यायचा आणि त्याचा पाय जागच्या जागी थांबायचा.

"अगं बोल की! दातखीळ बसल्या व्हय? जाऊ नगो म्हण त्येला! ए बाई, आगबोट सुटायल्या तिकडं, तू ढग काय बघतैस?"

आत कुणाचा तरी संसार मोडतोय असं त्या माणसाला वाटायचं. तेवढ्यात समोरच्या पायरीवर मेथी निवडणारी बाई मान वर न करता सांगायची, "जावा तुमी. पिराजी पिक्चर बघायलाय."

पिराजी चौगले पन्नाशीला टेकलेला गडी. तरुणपणी तालमीत घुमलेला, त्यामुळे दोन्ही कान चुरगळलेले आणि कमावलेली छाती आता हळूहळू उतरून पोटात मुक्कामाला आलेली. आवाज असा, की पंचगंगेत डुंबणारी म्हैस घाटावरनं मारलेल्या एका 'हेऽऽ'वर बाहेर यायची आणि रिक्षा, मोटारसायकल, पोलीस कुणालाही न जुमानता त्याच्या मागं धावत सुटायची. सकाळ-संध्याकाळ गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर त्याच्या म्हशी उभ्या असायच्या. गिऱ्हाईक ग्लास घेऊन समोर, धार थेट ग्लासात, वर बोटभर फेस, आणि उभ्या उभ्या गटागटा. या धंद्याला दुपार मोकळी असते. ती दुपार पिराजीला पाच वर्षं खायला उठत होती, कारण संयोगिता घरात नव्हती.

संयोगिता मुरगूडची. मुरगूडच्या तळ्याचं नाव सर पिराजीराव तलाव, त्यामुळे लग्नात बायकांनी नवऱ्याला बेजार केलं होतं. "जावयाच्या नावाचं तळं आदीच बांधून ठेवलंय, आता बुडायचं तेवढं ऱ्हायलंय!" पिराजी तेव्हा हसला होता. मनानं वाईट नव्हता तो. फक्त म्हशीला जशी हाक मारायची तशीच माणसाला मारायची, एवढंच त्याला येत होतं.

संयोगिताचे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा ती म्हणाली, "मी जाऊन येतो जरा." पिराजी म्हणाला, "म्हस आज-उद्यात व्यायला झाल्या. मग जा." म्हशीनं व्यायला वेळ लावला, वडिलांनी जायला लावला नाही. दिवसकार्याच्या दिवशी पंगती उठल्या, संयोगिता अजून वाढत होती, आणि हा बाहेर आपल्या 'छोटा हत्ती' टेम्पोत बसून हॉर्न मारत होता, कारण संध्याकाळची धार चुकत होती. ती हात पुसत दारात आली. "मला दोन दिस ऱ्हाऊ द्या. आई लई खचल्या." पिराजीनं भर गावात सांगितलं, "ऱ्हा की! दोन कशाला, पायजे तितकं दिस ऱ्हा. आन् आपल्या पायानं परत ये!" आणि गाडी काढली.

आता आपल्याकडची रीत अशी, की माहेरी राहिलेली बाई आपल्या पायानं परत येत नाही. सासरचं माणूस तिला न्यायला येतं, नारळ-साडी आणतं, घरात बसून चहा घेतं, 'चल' म्हणतं, मग ती पिशवी उचलते. न बोलावता आली, तर म्हातारी होईपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. आणि न्यायला आलेला माणूस तिला न घेताच परत गेला, तर गाव त्याचा एकच अर्थ लावतं, की टाकली. संयोगिता न्यायला येण्याची वाट बघत बसली. पिराजी तिच्या पायांची वाट बघत बसला. तिनं मुरगुडात माहेरच्या घराच्या पुढच्या खोलीत शिलाईचं दुकान टाकलं. त्यानं तव्यावर भाकरी भाजायला शिकून घेतलं. पहिलं वर्षभर ती भाकरी म्हशीनंच खाल्ली.

त्यांची लेक निशिगंधा तेव्हा शाळेत होती, म्हणून कोल्हापुरात बापाजवळ राहिली. सुट्टी लागली की मुरगूड, शाळा उघडली की कोल्हापूर. दोघांच्या मधली ती एसटी झाली, फक्त निरोपाचं पार्सल कुणी तिच्यात टाकत नव्हतं. पुढं कॉलेजात गेल्यावर तिला जपानी ॲनिमे पिक्चरचा नाद लागला. त्यातही रडके. दुपारी फोन टीव्हीला जोडायचा, उशी पोटाशी धरायची आणि मुसमुसायचं.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा पिराजी दारातच थबकला. "कार्टून बघून कोण रडतंय गं? उंदरानं मांजराला मारलं व्हय?"

"आप्पा, गप बसून बघा. न्हायतर जावा म्हशीत."

तो बसला. पडद्यावर एक बेट होतं. टेकडीवर एक पोरगी रोज वाऱ्याचा अंदाज घेऊन कोळ्यांसाठी निशाण चढवायची, आणि खाली होड्या दुरुस्त करणारं एक पोरगं ते निशाण बघायला रोज मान वर करायचं. बोलणं जपानी, खाली अक्षरं इंग्रजी. मग निशिगंधानंच भाषांतर चालू केलं. पोरीला बारीक आवाज, पोराला घसा खरवडून.

"ती म्हणत्या, 'आज वारं पडलंय.'"

"बरं."

"त्यो म्हणतोय, 'व्हय. पडलंय.'"

"मग?"

"मग काय न्हाय. दोघं समुद्राकडं बघत्यात."

"आन् किती येळ बघत्यात?"

"आप्पा!"

शेवटी ते पोरगं मोठ्या बोटीवर कामाला गेलं. जाताना दोघांनी एकमेकांना काहीच सांगितलं नाही. कैक वर्षांनी तो परत आला, मान वर केली, तर निशाण दुसरीच कुणी चढवत होती. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. धक्क्यावर बसला, वारा सुटला, गाणं लागलं, पिक्चर संपला.

पिराजीनं खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला होता. "त्येनं इचारलं का न्हाय गं, ती कुठं गेली म्हणून?"

"त्यात तसंच असतंय."

"असं कसं असतंय? जीभ हाय का न्हाय जपानात?"

तेव्हापासून रोज दुपारी बापलेक टीव्हीसमोर. लेक हळू आवाजात रडायची, बाप ओरडत रडायचा. आणि संध्याकाळी कट्ट्यावर धार काढता काढता तो दिवसाचा पिक्चर गिऱ्हाइकांना सांगायचा. त्यात सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक म्हणजे धैर्यशील, महापालिकेतनं रिटायर झालेला, घरचा ग्लास रुमालात गुंडाळून आणणारा.

"म्हंजे बघा धैर्यशीलराव, पोरगी हितं, पोरगं तितं, मधी समुद्र."

"मग भांडान कशावरनं झालं?"

"भांडानच न्हाय!"

"जातीचं काय?"

"न्हाय."

"मग आई-बाची आडकाठी असंल."

"आई-बा पिक्चरमधी न्हाईतच. दोघंच. आन् दोघांस्नीबी एकामेकांबिगर करमत न्हाय."

धैर्यशीलनं ग्लास खाली घेतला. ओठावर फेसाची मिशी. "मग सुटलं कशाला लगा?"

"त्येच की! हितं आमच्यात एवढ्यात धा माणसं मधी पडली असती, चार जणांनी शिव्या घातल्या असत्या, दोघांस्नी एका खोलीत कोंडून भाईरनं कडी लावली असती. तितं कोणच न्हाय बघा. नुसती फुलं पडत्यात वरनं."

कट्टा हसला. धैर्यशील हसता हसता म्हणाला, "पिराजी, तुझ्या मधी कोण पडलं न्हाय व्हय रं?" आणि लगेच जीभ चावली. पिराजी खाली मान घालून धार काढत राहिला. पुढच्या गिऱ्हाइकाच्या ग्लासातनं दूध सांडेपर्यंत त्याला कळलं नाही.

दिवाळीला निशिगंधा मुरगूडला गेली आणि भाऊबीज करून परत आली ती पहिल्यांदाच निरोप घेऊन. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "आई येत्या म्हणत्या."

पिराजीच्या हातातली पेंड तशीच राहिली. "कवा?"

"तुमी न्यायला गेलासा की. दारात यायचं, आत बसायचं, 'चल' म्हणायचं. दुसरं काय मागत न्हाय म्हणाली. माफी नगो, काय नगो."

पिराजीच्या तोंडावर काहीतरी उजळलं, आणि तिथंच जुनं कुठलंतरी दार धाडकन लागलं. "ती आपल्या पायानं गेल्या. आपल्या पायानं ईल."

"आप्पा, म्हस हाय व्हय ती? घाटावरनं हेऽऽ केलं की यायला?"

असं बोलून ती स्वतःच घाबरली. पण पिराजी चिडला नाही. पेंड घमेल्यात टाकली आणि म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिला.

थंडी गेली, ऊसतोड संपत आली. निरोप तसाच होता, त्याला उत्तर नव्हतं. मधल्या दिवसांत पिराजीनं बरेच पिक्चर बघितले. एका पोरीला विसरायचा आजार होता. एक पोरगं नुसतं पत्ता हुडकत फिरत होतं. प्रत्येकाला पिराजीनं शिव्या घातल्या, प्रत्येकाला जाऊन बोलायला सांगितलं. निशिगंधा नुसतं ऐकायची. दुसऱ्याला एवढं सांगणारा माणूस कधीतरी स्वतःचं ऐकेल, अशी तिला आशा होती.

आणि मग तो पिक्चर लागला. त्यात एक माणूस होता, पोर नाही, चांगला केस पिकलेला. बर्फ पडतंय, आणि तो लांबनं रेल्वेनं येऊन एका गावात शेवयांच्या हॉटेलासमोर उभा राहतो. आत त्याची एके काळची बाई शेवया उकळतेय, काच वाफेनं धुरकट झालेली. तो काचेला हात लावतो. आत ती कुणाशी तरी बोलताना हसते. तिचं हसणं बघून त्याच्या तोंडावर एक समाधान येतं. तो काचेवर बोटानं एक गोल काढतो आणि निघून जातो. आतली बाई मागाहून फडक्यानं काच पुसते, गोलासकट.

त्या दिवशी पिराजी ओरडला नाही. पिक्चर संपून पडदा काळा झाला तरी तो बघतच होता.

"आप्पा?"

"उद्या जातो मुरगूडला," पिराजी म्हणाला.

निशिगंधानं उशी छपराला लागेल अशी वर फेकली.

संध्याकाळी कट्ट्यावर बातमी फुटली. धैर्यशीलनं विचारलं, "मी येऊ संगं? मोठं माणूस असलं की बरं दिसतंय." निशिगंधाही घरी हटून बसली, मी येतो म्हणून. पिराजीनं दोघांनाही नको म्हटलं. "त्या पिक्चरमधी कुणी चुलता, लेक संगं आणली हुती व्हय? माझं मी जातो." निशिगंधाला हे काही बरोबर वाटलं नाही, पण बाप जातोय यातच सगळं आलं. महाद्वार रोडवर जाऊन तिनं जांभळी साडी आणली, नारळ आणला, पिशवीत नीट घालून दिला. सकाळची धार उरकून पिराजीनं दाढी केली, पांढरा शर्ट घातला आणि छोटा हत्ती काढला. त्या गाडीच्या काचेवर रेडियमच्या हातभर अक्षरांत 'निशिगंधा' लिहिलेलं होतं.

निढोरी गाव मागं पडलं, मुरगूड जवळ आलं. काय म्हणायचं? 'चल' म्हणायचं. नुसतं 'चल'? तो गाडीत मोठ्यानं म्हणून बघू लागला. "चल!" हे म्हशीला म्हटल्यासारखं झालं. "चल गं." हे पोरीला. "चल की." हे आर्जव झालं, ते त्याच्या तोंडाला बसेना.

बाजाराचा दिवस होता. संयोगिताच्या दुकानाच्या समोरच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला त्यानं गाडी लावली आणि चहाच्या टपरीच्या आडोशाला पिशवी घेऊन उभा राहिला. टपरीवाल्यानं लगेच ओळखलं.

"या या जावईबापू! लई दिसांनी? आक्कास्नी न्यायला व्हय?"

"असंच आलतो. काम हुतं." पिराजी पिशवी मागं लपवत म्हणाला. नारळाची शेंडी वर दिसत होती.

पलीकडं दुकानात संयोगिता मशिनीवर बसली होती. तिला चष्मा लागलाय हे त्याला माहीत नव्हतं. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. शेजारी दोन पोरी काजं करत होत्या. तिनं एकदा रस्त्याकडं बघितलं, पुन्हा बघितलं, मग खाली वाकून पोरींना काहीतरी सांगितलं आणि पदर तोंडाला लावून हसली. खांदे हलेपर्यंत हसली.

पिराजी ते हसणं बघत राहिला. आपल्या घरात ती असं कधी हसली होती, हे तो आठवायला गेला आणि एकही दिवस सापडेना. तिथं चूल, शेण, धार, आणि त्याचा आवाज. इथं मशीन, पोरी, हसणं. तिला कशाला तिथनं उठवायचं? या विचारासरशी त्याला एक विचित्र समाधान वाटलं. तो शेवयांच्या हॉटेलासमोरचा माणूस झाला होता. रस्त्यातली धूळसुद्धा त्याला बर्फासारखी संथ पडतेय असं वाटलं. संयोगिता मशिनीवरनं उठून आतल्या खोलीत गेली. काम असेल. पिराजी वळला, गाडीत बसला, पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली आणि निघाला.

येताना तो रडला. पण त्या रडण्याला गोडी होती. दोन्ही बाजूला ऊस होता, ऊन तिरपं झालं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण काहीतरी मोठं केलं, असं त्याला वाटत होतं.

घरी निशिगंधानं दारात रांगोळी काढली होती. सडा घातला होता. गाडीचा आवाज ऐकून ती तांब्या आणि ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा घेऊन उंबऱ्यावर आली. पिराजी एकटाच उतरला.

"आई कुठाय?"

"सुखात हाय ती." पिराजी मोठ्या मायेनं म्हणाला. "हसत हुती. मी लांबनं बघितली आन् आलो. तिला कशाला उगंच..."

"म्हंजे तुमी बोललाच न्हाईसा?"

"त्या पिक्चरमधल्यासारखं केलं बघ. डिट्टो."

निशिगंधाच्या हातातला तुकडा तसाच राहिला. "आप्पा, ते जपान हाय!" ती एवढ्या जोरात ओरडली, की समोरची मेथीवाली बाई उठून उभी राहिली. "तितं कोण कुणाला वळखत न्हाय! तुमी मुरगूडात गेलतासा!"

तेवढ्यात फोन वाजला. संयोगिताचा भाऊ सयाजी. निशिगंधानं स्पीकर चालू केला.

"दाजी, कुठं गेलासा वो?" सयाजीचा आवाज खुशीत होता, मागं भांड्यांचा आवाज. "पेट्रोल टाकायला गेलासा व्हय? का मिठाई इसरली? आक्का मघापासनं दारात हाय. च्या दोनदा गरम केला. या लवकर, जेवूनच जायाचं."

पिराजीनं निशिगंधाकडं बघितलं.

"दाजी? ऐकाय येतंय न्हवं?"

"मी घरी आलोय," पिराजी म्हणाला.

"कुणाच्या घरी?"

"कोल्हापुरात."

पलीकडचा भांड्यांचा आवाज बंद झाला. मग फोन एका हातातनं दुसऱ्या हातात गेल्याचं कळलं.

"आलतासा न्हवं?" संयोगितानं विचारलं. पाच वर्षांनी त्याच्याशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य.

"आलतो."

"मग?"

"तू हसत हुतीस."

"मग हसू नगो व्हय? गाडी बघितली तुमची. काचंवर निशीचं नाव बघितलं. पोरींस्नी म्हटलं, आलं बघा गं तुमचं काका, टपरीमागं लपून उभारलंय, येवढी मोठी शेंडी दिसायल्या नारळाची. म्हणून हसलो मी." तिचा श्वास ऐकू येत होता. "आत जाऊन आधण ठेवलं. पातळ बदललं. भाईर येऊन बघतो, तर रस्ता मोकळा."

"मला वाटलं, तू सुखात हैस..."

"कुणी सांगितलं तुमाला वाटून घ्या म्हणून? पाच वरसं तुमाला काय वाटलं न्हाय, आन् आजच बरं वाटलं!"

"आत्ता येतो. हाय असा येतो बघ."

"आता नगा येऊ. सगळा बाजार बघत हुता. पाच वरसं मी लोकांस्नी सांगत हुतो, मी रुसलोय म्हणून. रुसलेल्या बाईला गावात मान असतोय. कुणी वाकडं बोलत न्हाय, उलट इचारत्यात, आलं का गं न्यायला? आज नारळ-साडी घिऊन आलासा आन् नारळ-साडी घिऊनच गेलासा. आता त्ये म्हणत्यात, रुसल्या न्हाय, टाकल्या." ती थांबली. "ठेवतो. गिऱ्हाईक थांबलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळची धार अर्धवट टाकून पिराजी पुन्हा निघाला. या वेळी निशिगंधा होती, धैर्यशील होता, समोरची मेथीवाली बाईसुद्धा यायला निघाली होती, पण पुढं जागा उरली नाही. मुरगुडात गाडी बरोबर दुकानासमोर लावली. आत दोन बायका ब्लाउजाची मापं द्यायला बसल्या होत्या. पिराजी पायरीवर उभा राहिला आणि स्वतःच्या मूळ आवाजात, स्टँडवर ऐकू जाईल असा ओरडला, "चल!"

मशीन थांबली नाही. संयोगितानं शिवण शेवटापर्यंत नेली, दातानं दोरा तोडला, मग चष्म्यावरनं बघितलं.

"आवाज खाली घ्या. गिऱ्हाईक हाय."

"चल की गं," पिराजी म्हणाला. काल गाडीत तोंडाला न बसलेले शब्द आज आपसूक आले. "चुकलो मी. चल घरी."

"काल चालत आलो असतो मी. चप्पल घालायला थांबलो नसतो."

"मग आज काय झालं?"

"काल तुमी न्यायला आलतासा. आज तुमची चूक निस्तराय आलाईसा. चुकीसंगं मी नांदू व्हय?"

धैर्यशीलनं मधे पडायचा प्रयत्न केला. "वयनी, माणूस भोळा हाय, पिक्चर बघून..." संयोगितानं त्याला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, म्हशींची चौकशी केली, कुठली गाभण आहे विचारलं. सगळं रीतसर. पिराजीला तिच्या बोलण्यात रागाचं टोक शोधूनही सापडेना. राग असता, तर त्याला धरून आत शिरता आलं असतं. निशिगंधानं पिशवीतली साडी पुढं केली, तेव्हा संयोगितानं पोत बोटांनी चाचपला आणि म्हणाली, "चांगली हाय. तुलाच हुईल. फॉल-पिको करून ठेवतो." आणि साडी घडी करून कपाटात, गिऱ्हाइकांच्या कपड्यांत ठेवली.

निघताना पिराजी गाडीत बसला. धैर्यशील बसला. निशिगंधा बाहेरच उभी होती, दाराला हात लावून.

"बस की," पिराजी म्हणाला.

"मी हितं ऱ्हातो, आप्पा."

"चार दिस?"

"बघू." ती त्याच्याकडं न बघता बोलत होती. "गावात आता आईला लोक काय काय बोलणार. कोणतरी पायजे तिच्याजवळ. कॉलेजला काय, हितनं एसटी हाय."

"आन् मी?"

निशिगंधा खिडकीजवळ आली. तिनं खिडकीतनं आत हात घालून त्याच्या कॉलरची वळलेली कड सरळ केली, आणि आत निघून गेली. आतली मशीन पुन्हा चालू झाली.

परतीच्या वाटेवर धैर्यशीलनं एकदा तंबाखू पुढं केली. पिराजीनं मान हलवली.

संध्याकाळी पिराजी वेळेवर कट्ट्यावर आला. म्हैस उभी केली, कास धुतली, बसला. समोर गिऱ्हाईकं ग्लास घेऊन उभी. त्यानं आचळ ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं. पाठीवर थाप मारली, कासेला गरम पाणी लावलं, तिचं पारडू प्यायला सोडून बघितलं. म्हशीनं दूध आत चढवून धरलं होतं, सोडतच नव्हती. त्याच्या हातात तिला काय वेगळं जाणवत होतं, कोण जाणे. सकाळी अर्धवट सोडल्याचा रागही असेल.

"काय झालं ओ?" कुणीतरी विचारलं.

"थांबा जरा. सोडंल आता," पिराजी म्हणाला.

लोक थांबले. एकानं घड्याळ बघितलं आणि पलीकडच्या म्हशीकडं गेला. मग दुसरा गेला. धैर्यशील रिकामा ग्लास धरून तेवढा उभा राहिला, आणि शेवटी त्यानंही तो रुमालात गुंडाळला. पिराजी उकिडवा बसून ओढत होता, आणि बादलीचा तळ कोरडाच होता.